केएनएन आणि तीन भट्ट्या: काही महिने वापरल्यानंतर

निकाल आधीच सांगतो. पोटॅशियम-सोडियम निओबेट, म्हणजे आपलं केएनएन, हे दाबलं की वीज देणारं (पीझोइलेक्ट्रिक) बिनशिशाचं सिरॅमिक करायचं असेल आणि पैसे एकाच भट्टीपुरते असतील, तर साधी चेंबर भट्टी घ्या. मायक्रोवेव्ह भट्टी दुसरी म्हणून चालेल. स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंगचं (सिंटरिंग म्हणजे पावडर न वितळवता भाजून घट्ट करणं) यंत्र मात्र विकत घेण्याच्या फंदात पडू नका. ज्या संस्थेत ते आहे तिथे पैसे भरून नंबर लावा.

आज सर्रास वापरलं जाणारं पीझोइलेक्ट्रिक सिरॅमिक म्हणजे पीझेडटी (लेड झिर्कोनेट-टायटनेट), आणि त्यात वजनाने साठ टक्क्यांहून जास्त विषारी शिसं असतं. युरोपच्या नियमांत त्याला अजून सवलत मिळत आली आहे ती केवळ तोडीस तोड पर्याय नाही म्हणून. २००४ साली टोयोटाच्या संशोधकांनी दाण्यांना दिशा देऊन बनवलेल्या केएनएन-आधारित सिरॅमिकमध्ये डी-३३ चा (दाबाच्या प्रत्येक न्यूटनमागे किती विद्युतभार मिळतो त्याचा) आकडा ४१६ पिकोकूलोम प्रति न्यूटनपर्यंत नेला, तेव्हापासून सगळे या पदार्थाच्या मागे आहेत. तो आकडा वाचून आमच्यासारखे लोक उत्साहाने मिश्रण घोटायला बसतात. कुठलीही भर न घातलेलं केएनएन साध्या भट्टीत भाजलं की ८० च्या आसपास मिळतात. १९६० च्या सुमारास बेल लॅब्समध्ये तेच हॉट प्रेस करून, म्हणजे दाब देत भाजून, १६० मिळाले होते. पावडर तीच, फरक फक्त भाजण्याचा. या अनुभवाचा विषय तोच आहे.

साध्या भट्टीत खरी अडचण तापमानाची. केएनएन ११४० अंशांना वितळायला लागतं आणि त्याच्या जेमतेम तीस-चाळीस अंश खालीच नीट घट्ट होतं. पाक एकतारी राहिला की गोळीबंद झाला, एवढाच काय तो फरक. खाली राहिलात तर दाबलेल्या पावडरीची गोळी सच्छिद्र, वर गेलात तर कडा गोल होऊन ती अॅल्युमिनाच्या प्लेटला चिकटलेली. त्यात पोटॅशियम आणि सोडियम उडतात ते वेगळंच. यावर उपाय जुनाच आहे, पण तो केल्याशिवाय गत्यंतर नाही: गोळ्या त्याच मिश्रणाच्या पावडरीत गाडायच्या, वर दुसरं क्रुसिबल (भट्टीतलं भांडं) उपडं घालायचं, बाईंडर (पावडर बांधून ठेवणारा चिकट पदार्थ) ५०० ते ६०० अंशांवर सावकाश जाळून घ्यायचा आणि मग दोन-चार तास सोकिंग, म्हणजे कमाल तापमानावर धरून ठेवणं. डिस्प्लेवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. आमच्या भट्टीत दाराजवळ आणि मागच्या भिंतीजवळ इतका फरक निघाला की एकाच क्रुसिबलमधल्या गोळ्या दोन वेगळ्या लोकांनी केल्यासारख्या वाटत. आता वेगळं थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) आत सोडतो आणि मधल्या टापूतच माल ठेवतो.

पावसाळ्याचा वेगळा उल्लेख करायलाच हवा. पोटॅशियम कार्बोनेट हवेतली ओल खेचतं, त्यामुळे जुलैत तोललेला ग्रॅम हा ग्रॅम नसतो. ओव्हनमध्ये वाळवून, डेसिकेटरमध्ये गार करून, लगेच तोलायचं. प्रमाण चुकलं की भाजताना गोळी छान दिसते आणि नंतर ओल धरून भुगा व्हायला लागते. दोष भट्टीवर जातो, बिचारी भट्टी निर्दोष असते. सोकिंगच्या मध्यात लाईट गेली तर ती खेप सरळ बाजूला काढा.

मायक्रोवेव्ह भट्टी पहिल्याच दिवशी आवडते. तासांचं काम मिनिटांवर येतं, त्यामुळे अल्कली, म्हणजे पोटॅशियम-सोडियम, कमी उडतात आणि दाणे बारीक राहतात. बेरियम टायटनेट या दुसऱ्या बिनशिशाच्या पदार्थावर याचा परिणाम चांगलाच गाजला होता: डी-३३ नेहमीच्या १९० च्या जागी ३५०. अर्थात ती पावडर हायड्रोथर्मल पद्धतीची (बंद भांड्यात दाबाखालच्या गरम पाण्यात बनवलेली), अतिशय बारीक होती, हे विक्रेता सांगत नाही. आणि त्याच पदार्थाने दोन टप्प्यांच्या सिंटरिंगमध्ये ४६० दिले, तेही साध्या भट्टीत! केएनएन थंड असताना २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरी फारशा शोषत नाही, म्हणून भोवती सिलिकॉन कार्बाइडचा सस्सेप्टर (लहरी शोषून आधी स्वतः तापणारा आणि गोळीला तापवणारा तुकडा) ठेवावा लागतो. मग पायरोमीटर (दुरून तापमान मोजणारं उपकरण) गोळीचं तापमान दाखवतोय की सस्सेप्टरचं, हा वाद रोजचा. छोट्या गोळ्या उत्तम होतात. मोठी चकती केली की मध्यभाग जास्त भाजलेला आणि कड कच्ची.

स्पार्क प्लाझ्मात ग्राफाइटच्या डायमध्ये दाब देऊन, निर्वातात, थेट विद्युत प्रवाहाने तापवतात. ९२० अंशांवरच घनता जवळजवळ पूर्ण होते. म्हणजे नेहमीपेक्षा दोनशे अंश खाली, अल्कली उडायची चिंताच नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला १४८ चा आकडा याच पद्धतीचा. पण गोळी बाहेर येते काळपट, ऑक्सिजन गमावलेली, वर ग्राफाइटचा पापुद्रा. पॉलिश पेपरने खरवडा, मग हवेत ९०० अंशांच्या आसपास काही तास अॅनीलिंग करा, म्हणजे पुन्हा तापवून ऑक्सिजन परत येऊ द्या. ते न करता पोलिंगला (जास्त व्होल्टेज देऊन गोळीला पीझोइलेक्ट्रिक बनवायला) बसलात तर गळती प्रवाह इतका की व्होल्टेज चढतच नाही. दाब घाईने सोडला की चकती उभी चिरते. थोडक्यात, वाचलेला वेळ साध्या भट्टीलाच परत द्यावा लागतो.

माझं मत घनतेबद्दल बदललं आहे. पूर्वी आर्किमिडीजची घनता बघून माल पास करत असे. आता आधी डायइलेक्ट्रिक लॉस (विद्युत क्षेत्रात वाया जाणारी ऊर्जा) बघतो, मग पोलिंगसाठी १२० अंशांच्या सिलिकॉन तेलात मिलिमीटरला ३ किलोव्होल्ट देऊन बघतो. सच्छिद्र गोळी तिथे फट् करून फुटते, पण घट्ट असूनही काळी राहिलेली गोळीही तिथेच हरते. डी-३३ दुसऱ्या दिवशी मोजा. लगेच मोजलेला आकडा गाईडला खूश करण्यापुरताच.

कॉपर ऑक्साइडची चिमूट टाकली तर साध्या भट्टीतही तापमान खाली येतं आणि यांत्रिक क्यू (कंपनात ऊर्जा किती कमी वाया जाते त्याचं माप) वाढतो. अल्ट्रासॉनिक ट्रान्सड्यूसर करणाऱ्यांना हे पुरेल, सेन्सरवाल्यांना बहुधा नाही.

खरेदीबाबत शेवटचं: उद्या बेरियम-कॅल्शियम झिर्कोनेट-टायटनेटकडे वळायचं मनात असेल, ज्याचा २००९ चा डी-३३ चा ६२० हा आकडा सगळ्यांना मोहात पाडतो, तर १४५० अंश आणि वर लागतील. कोटेशन मागवतानाच सिलिकॉन कार्बाइडऐवजी मॉलिब्डेनम डायसिलिसाइडचे एलिमेंट (तापणाऱ्या कांड्या) लिहा, आणि एलिमेंटचा एक जादा संच त्याच बिलात घ्या. ते ठिसूळ असतात आणि नंतर वेगळी मंजुरी मिळेपर्यंत भट्टी बंद राहते.