ऑईल खाणारं इंजिन आणि उद्यमनगरातलं पिस्टनचं काम

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका छोट्या वर्कशॉपचं काम मनापासून पटलं. माझी जुनी पेट्रोल गाडी हजार किलोमीटरला लिटरभर ऑईल खायची. बाकी सगळीकडे एकच सल्ला: बोअर करा, म्हणजे सिलिंडर आतून कातून रुंद करा, आणि ओव्हरसाइज पिस्टन टाका. इथल्या मिस्त्रींनी आधी सिलिंडरचा आतला व्यास मोजणारा बोअर गेज लावला. बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली पोकळी, शाबूत निघाला. मग पिस्टन हातात देऊन म्हणाले, "दादा, ही खालची खाच बघा." सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑईल खरवडणारी ऑईल रिंग कार्बननं जाम झालेली, तिच्या मागची परतीची भोकं डांबरासारख्या काळ्या थरानं बुजलेली. मुळातच ती बारीक आणि मोजकी. सिलिंडरवरून खरवडलेलं ऑईल खाली जायला वाटच नाही म्हटल्यावर ते वर जाऊन जळणारच.

त्यांनी खाच साफ करून ती भोकं ड्रिलनं थोडी मोठी केली, काही नवी पाडली. पिस्टन पिनच्या बाजूला हात न लावता, रिंग बसते ती कड जपत, चारही पिस्टनना अगदी सारखी. प्रत्येक भोकाची बर (कडेला उरलेली धातूची धार) काढली, पिस्टन काट्यावर तोलले. होनिंग (सिलिंडरची आतली भिंत बारीक घासणं), नव्या रिंगा, व्हॉल्व्ह सील, पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधला वायू परत इंजिनात सोडणारा) हे ओघानं आलंच.

आता सकाळी स्टार्टला निळा धूर नाही, डिपस्टिकवरची पातळी सर्व्हिसपर्यंत जेमतेम हलते. मजुरी वाजवी, पण गाडी कबूल केलेल्या वेळेत मिळाली नाही आणि पक्क्या बिलासाठी मागे लागावं लागलं. बोअर झिजून ओव्हल (लंबगोल) झाला असेल तर नुसत्या भोकांनी भागत नाही, हे मिस्त्री स्वतःच आधी सांगतात.