बंद झालेल्या आयर्न ८८३ सोबत चौदा महिने

२०१८ च्या जुलैमध्ये हार्ले-डेव्हिडसनने पॅन अमेरिका आणि पुढे ब्रॉंक्स हे नाव मिळालेली एक, अशा आगामी मोटरसायकलींची चित्रे दाखवली, तेव्हापासून माझा जीव ब्रॉंक्समध्ये अडकला होता. २०१९ च्या नोव्हेंबरात मिलानच्या प्रदर्शनात ती प्रत्यक्ष उभी राहिली, ९७५ सीसी आणि ११५ अश्वशक्ती हे आकडे जाहीर झाले आणि मी दरमहा पैसे बाजूला टाकू लागलो. पुढच्याच वर्षी आगामी गाड्यांच्या यादीतून तिचे नाव गळाले, आणि त्याच सप्टेंबरात कंपनीने हरियाणातील बावलचा कारखाना बंद करून भारतातला आपला कारभार आवरता घेत असल्याचे जाहीर केले. विक्री आणि सर्व्हिसिंग हीरोकडे गेले. पॅन अमेरिका २०२१ मध्ये आली, ९७५ सीसीचे इंजिन २०२२ मध्ये नाइटस्टर या हार्लेच्या दुसऱ्याच गाडीत बसून आले. ब्रॉंक्स मात्र आजतागायत आलेली नाही. शेवटी येणाऱ्या गाडीचा नाद सोडून मी बंद झालेली गाडी घेतली. २०१७ ची, एकाच मालकाने वापरलेली हार्लेचीच आयर्न ८८३ घेऊन मला पुण्यात चौदा महिने झाले असून तिच्यावर माझे अकरा हजार किलोमीटर पूर्ण झाले आहेत.

आयर्न ही हार्लेच्या स्पोर्टस्टर मालिकेतली गाडी; तिचे इव्होल्यूशन नावाचे इंजिन या मालिकेत १९८६ साली आले आणि २०२२ पर्यंत टिकले. युरोपात प्रदूषणाच्या नव्या नियमांमुळे ते त्याआधीच थांबले होते. ४५ अंशांत मांडलेले दोन सिलिंडर, हवेवर थंड होणारी रचना, पाच गिअर आणि सुमारे पन्नास अश्वशक्ती, एवढाच कागदावरचा ऐवज आहे. कागद वाचून ही गाडी कोणी घेणार नाही. पण ताम्हिणीच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिन मिनिटाला जेमतेम अडीच हजार फेऱ्यांवर असताना, मूठ किंचित पिळली की ती ज्या सहजतेने पुढे सरकते, ते सुख फार फेऱ्या मागणाऱ्या इंजिनांवर मला मिळालेले नाही. सिग्नलला उभे असताना आरसे इतके थरथरतात की मागची गाडी रिक्षा आहे की टेम्पो हे कळत नाही. वेग घेतला की मात्र सगळे शांत होते, कारण २००४ पासून हे इंजिन रबराच्या आधारांवर बसवलेले आहे.

तिच्यासोबत राहण्याचा खरा धडा मला पान्यांनी दिला. या गाडीचे बहुतेक नट-बोल्ट इंचाच्या मापाचे आहेत आणि आपल्याकडच्या गॅरेजमध्ये सगळे पाने मिलिमीटरचे असतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर; त्यावर १३ चा पाना बसतो, पण किंचित ढिला, आणि जोर लावताच बोल्टचे कोपरे गोल होतात. घराजवळच्या एका गॅरेजमध्ये माझ्या डोळ्यांदेखत हेच घडले आणि मी तोंडाने ‘अहो, थांबा’ म्हणेपर्यंत बोल्ट कामातून गेला होता. त्या संध्याकाळी इंचाच्या पान्यांचा आणि अ‍ॅलन कीचा एक संच मागवला, जो आता सीटजवळच्या पिशवीत कायम असतो आणि जो मी मेकॅनिकला स्वतःच्या हाताने देतो.

दुसरी चूक माझी स्वतःची. या इंजिनाचे ऑइल वेगळ्या टाकीत राहते, आणि गाडी काही दिवस उभी राहिली की त्यातले थोडे खाली इंजिनात उतरते, त्यामुळे गाडी थंड असताना टाकीतली ऑइल मोजायची पट्टी ते कमी असल्याचे दाखवते. मी पहिल्याच महिन्यात सकाळी थंड गाडीची पट्टी पाहिली आणि पावशेर ऑइल ओतून मोकळा झालो. वाईपर्यंत पोहोचलो तेव्हा एअर फिल्टरच्या कव्हरखालून जास्तीचे ऑइल ठिबकून उजव्या बुटावर काळा ओघळ आला होता. ऑइल गाडी तापल्यावरच पाहायचे, हे तेव्हापासून विसरलेलो नाही. टॅपेट सेटिंगची, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हजवळची फट ठरावीक काळाने जुळवण्याची, कटकट मात्र मुळीच नाही, कारण ते काम ऑइलच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक लिफ्टर स्वतःच करतात.

मित्राकडे २०१४ साली आलेल्या पिढीतली इंडियन स्काउट आहे: ११३३ सीसी, पाण्यावर थंड होणारी, सुमारे शंभर अश्वशक्तीची. सरळ रस्त्यावर ती माझ्या गाडीला दिसेनाशी करते, हे आधीच मान्य करतो. नाइटस्टरही मी एक दिवस चालवली. ती आयर्नपेक्षा सुमारे पस्तीस किलोंनी हलकी आहे, ब्रेक उत्तम आहेत आणि जुन्या टाकीसारखा दिसणारा भाग प्रत्यक्षात इंजिनाला हवा पुरवणाऱ्या एअर बॉक्सचे झाकण असून पेट्रोल सीटखाली भरावे लागते. चालवायला ती निःसंशय सरस आहे. तरीही नव्या गाडीत काय बिघडेल हे अजून कोणालाच पुरते ठाऊक नसते, तर माझ्या गाडीत काय बिघडू शकते याची ओळख छत्तीस वर्षांत जगभरच्या मालकांनी करून ठेवली आहे, आणि पुष्कळसे सुटे भाग फोर्टी-एट, सुपरलो अशा भावंडांनाही लागत असल्याने ते अजून मिळतात. क्लच केबल अमेरिकेतून मागवली तेव्हा कस्टम ड्यूटीने केबलच्या किमतीला लाजवले, पण ती मिळाली, आणि अचूक बसली.

अ‍ॅव्हरेज वीसच्या आसपास पडते आणि टाकी साडेबारा लिटरची, त्यामुळे १८० किलोमीटरनंतर दिवा लागतो. कोकणात उतरण्याआधी मी टाकी भरूनच निघतो. उन्हाळ्यात शहरातल्या गर्दीत मागचा सिलिंडर उजवी मांडी शेकून काढतो, म्हणून मे महिन्यात पहाटेच निघावे. २५६ किलो वजन पार्किंगमध्ये ढकलताना जाणवते, चालू गाडीवर नाही. वळणावर फूटपेग लवकर टेकतात.

मागच्या चाकाला वरखाली व्हायला जेमतेम चार सेंटिमीटर जागा असल्याने गतिरोधक थेट कमरेला समजतात, म्हणून पुढच्या महिन्यात मागे लांब शॉक बसवतो आहे. त्याने गाडी साइड स्टँडवर जास्त कलते, असे ते बसवलेले सांगतात. स्टँडखाली ठेवायला फळीचा एक तुकडा आताच कापून ठेवला आहे.