दिनविशेषांची नोंदवही : चार महिन्यांच्या वापरानंतर

दादर पश्चिमेच्या एका स्टेशनरीच्या दुकानात जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी ही नोंदवही ४५० रुपयांना घेतली. तिच्यावर वर्ष किंवा वार छापलेला नाही, त्यामुळे ती दर वर्षी पुन्हा वापरता येते. पानाच्या वरच्या अर्ध्या भागात त्या तारखेचे दिनविशेष, घटना, जन्म आणि स्मृतिदिन दिले आहेत, तर खालचा अर्धा भाग आपल्या नोंदींसाठी कोरा ठेवला आहे. पाने ३६६ आहेत. २९ फेब्रुवारीचे पान केवळ भरतीचे नाही, त्यावर मोरारजी देसाई (१८९६) आणि रुक्मिणीदेवी अरुंडेल (१९०४) या दोघांचे जन्म नोंदवलेले आहेत. कागद जाड आहे, शाई मागे उमटत नाही आणि शिवण पक्की असल्याने वही टेबलावर सपाट उघडी राहते.

अशा वहीची खरी परीक्षा निवडीत असते. प्रत्येक तारखेला जगात शेकडो गोष्टी घडून गेलेल्या असतात, आणि त्यांतल्या कोणत्या सहा-सात वाचकापुढे ठेवायच्या हे ठरवणे हेच संपादकाचे काम आहे. काही पानांवर ते फार चांगले झाले आहे. १ ऑगस्ट १९२० या दिवशी मुंबईत सरदारगृहात लोकमान्य टिळकांचे निधन झाले आणि त्याच दिवशी वाटेगावात अण्णा भाऊ साठे यांचा जन्म झाला. या दोन्ही नोंदी एकाखाली एक दिल्या आहेत, आणि वर्ष एकच असल्याचे लक्षात येताच वाचक क्षणभर थांबतो. १ जुलैच्या पानावर डॉ. बिधनचंद्र रॉय यांचा जन्म (१८८२) आणि मृत्यू (१९६२) एकाच तारखेचा असल्याचे सांगून डॉक्टर दिनाचे कारण स्पष्ट केले आहे. शेजारीच वसंतराव नाईक यांची जयंती आणि तिच्यामुळे पाळला जाणारा कृषी दिनही आहे. १६ एप्रिलचे पान तर मी पुन्हापुन्हा वाचले. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली प्रवासी गाडी, तिचे १४ डबे, सुमारे ४०० प्रवासी आणि साहिब, सिंध व सुलतान ही तीन इंजिने, इतका तपशील तिथे मोजक्या ओळींत बसवला आहे. त्याच मार्गाने मी तीस वर्षे नोकरीला गेलो, म्हणून त्या पानाच्या खालच्या भागात माझी पहिली पासाची तारीख मी लिहून ठेवली.

दोनच दिवस आधीचे पान मात्र मला खटकले. १४ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची जयंती योग्य त्या ठळकपणे दिली आहे, महू हे जन्मस्थान आणि १८९१ हे वर्षही आहे. खाली बारीक अक्षरांत ‘अग्निशमन सेवा दिन’ एवढेच तीन शब्द आहेत. तो दिवस का पाळतात हे सांगितलेले नाही, आणि मुंबईत विकल्या जाणाऱ्या वहीत ही उणीव लहान म्हणता येत नाही. १९४४ साली याच तारखेला व्हिक्टोरिया गोदीत कापसाच्या गासड्या आणि स्फोटके एकत्र घेऊन आलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाला आग लागली, दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन प्रचंड स्फोट झाले आणि आग विझवण्यासाठी गेलेले ६६ अग्निशमन जवान प्राणाला मुकले. माझे आजोबा तेव्हा गोदीत हमाली करत होते. त्या दिवशी त्यांची पाळी रात्रीची होती, म्हणून ते वाचले. चिंचबंदरच्या खोलीची कौले कशी उडाली हे ते सांगायचे, पण कामावर असलेल्या सोबत्यांची नावे घ्यायची वेळ आली की गप्प व्हायचे. हे सगळे मी त्या पानाच्या कोऱ्या भागात लिहिले. जागा पुरली नाही, तेव्हा चिठ्ठी जोडली.

चुकाही आहेत. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो, या वहीत मात्र तो ‘राजभाषा दिन’ म्हणून छापला आहे. मराठी राजभाषा दिन १ मे रोजी असतो. हा गोंधळ अनेकांचा होतो हे खरे, परंतु ज्या वहीकडे शाळेतली मुले फळ्यावर दिनविशेष लिहिण्यासाठी पाहणार, तिच्यात तो राहू नये.

तिथींची अडचण याहून मूलभूत आहे. वर्ष न छापलेल्या वहीत तिथी बसवता येत नाही, त्यामुळे शिवजयंती फक्त १९ फेब्रुवारीला सापडते, फाल्गुन वद्य तृतीयेचा उल्लेख कुठेच नाही. माझ्या आईच्या जन्माची इंग्रजी तारीख कोणालाच ठाऊक नव्हती, ‘नारळी पौर्णिमेची’ एवढेच आजी सांगायची आणि त्याच दिवशी आम्ही तिला ओवाळायचो. वहीच्या शेवटी वाढदिवसांसाठी बारा महिन्यांची यादी आहे, तिच्यात भावंडे, भाचरे, शेजारी सगळे आले, पण आईला जागा मिळाली नाही. चैत्र ते फाल्गुन अशी आणखी बारा पाने जोडली असती तर आईवडिलांच्या तिथीही याच वहीत राहिल्या असत्या.

या सूचना मी प्रकाशकांना पत्राने कळवल्या आहेत. ज्या घरात शाळकरी मूल आणि जुन्या आठवणी सांगणारे वडीलधारे माणूस दोन्ही आहेत, तिथे ही वही आजही घ्यावी, मात्र २७ फेब्रुवारीचे पान आधी पेन्सिलीने दुरुस्त करावे. सुधारित आवृत्ती निघाली तर ठाण्याच्या बहिणीसाठी मी दुसरी प्रत घेणार आहे, कारण आजोबांच्या गोष्टी तिला माझ्यापेक्षा जास्त आठवतात.