ग्रे वुल्फ ऑप्टिमायझर: आठ महिने वापरल्यावर

उष्णतावहनाच्या एका मॉडेलचे बारा पॅरामीटर मोजमापांशी जुळवायला मी हा सर्वोत्तम उत्तर शोधणारा अल्गोरिदम घेतला. 2014 साली आलेला, कोड जेमतेम पानभर. प्रत्येक उमेदवार उत्तर म्हणजे एक लांडगा. कळपातले सर्वांत चांगले तीन लांडगे पुढारी म्हणून निवडायचे आणि बाकीच्यांना त्यांच्याकडे सरकवायचं. स्फिअर, रॅस्ट्रिगिन, ॲक्ली या नेहमीच्या चाचणी-फलनांवर (त्यांचा किमान बिंदू शोधायचा असतो) त्याने इतकी अचूक उत्तरं दिली की पहिले दोन महिने मी दुसरं काही चालवूनही पाहिलं नाही.

मग एकदा उत्तर आधीच ठाऊक असलेला कृत्रिम डेटा बनवून त्याच्यापुढे ठेवला. शून्याजवळचे पॅरामीटर चपखल सापडले, मोठ्या किमतीचे मात्र दर रनला वेगळेच! आठवडाभर मी स्वतःच्या मॉडेलमध्येच चूक शोधत बसलो.

चूक सूत्रात होती. लांडग्याचं पुढाऱ्यापासूनचं अंतर काढताना पुढाऱ्याच्या स्थानाला 0 ते 2 मधल्या यादृच्छिक संख्येने गुणतात आणि मग लांडग्याचं स्थान वजा करतात. सगळा कळप 100 वर जमला असला तरी हे 'अंतर' 100 पर्यंत जाऊ शकतं. शून्यावर जमला असेल तर ते शून्यच. म्हणजे पावलाची लांबी आरंभबिंदूपासून, म्हणजे शून्यापासून, आपण किती दूर आहोत यावर ठरते, आणि शून्यापाशी शोध आपोआप बारीक होत जातो. वर सांगितलेल्या तिन्ही फलनांचा किमान बिंदू नेमका शून्यावर आहे. ते कळल्यावर मला खरंच वाईट वाटलं, कारण त्या आकड्यांवर मी सहकाऱ्यांना शिफारस करून मोकळा झालो होतो.

पडताळणी दहा मिनिटांची आहे. स्फिअरचा किमान बिंदू प्रत्येक अक्षावर 37 ने सरकवा, शोधाची मर्यादा तीच ठेवा. गणिताच्या दृष्टीने प्रश्न तितकाच सोपा राहतो, पण माझ्याकडे अचूकता दहाच्या कित्येक घातांनी घसरली. डिफरन्शियल इव्होल्युशन या दुसऱ्या शोध-अल्गोरिदमला फारसा फरक पडला नाही, कारण त्यात दोन उमेदवारांच्या स्थानांतला फरक पाऊल ठरवतो. अक्ष फिरवले की त्याचीही अडचण होते, क्रॉसओव्हर, म्हणजे दोन उमेदवारांची सरमिसळ, घटकागणिक (एकेका अक्षावर वेगळी) चालते म्हणून. तिथे सीएमए-ईएस हा तिसरा अल्गोरिदम उजवा.

मर्यादेबाहेर गेलेले बिंदू थेट सीमेवर आणून ठेवण्याची सोय बहुतेक कोडमध्ये असते. तीही तपासा, माझे दोन पॅरामीटर त्यामुळे कडेलाच चिकटून बसले होते.

सध्या मूळ कामावर सीएमए-ईएस चालतो. ग्रे वुल्फ मी काढून टाकला आहे, आणि सहकाऱ्यांना सरकवलेल्या स्फिअरचे निकाल पाठवले आहेत.