ब्रिज मोडवर आठ महिने: पोर्ट फॉरवर्डिंग अडतं कुठे आणि का

फायबरबरोबर आलेला ओएनटी (फायबर जिथे येऊन जोडली जाते तो ऑपरेटरचा डबा) ब्रिज मोडवर, म्हणजे त्याचं राउटरचं काम बंद करून, आणि त्याच्या मागे टीपी-लिंक आर्चर सी६ हा माझा राउटर, अशी जोडणी आठ महिने चोवीस तास चालू आहे. तिच्यावर एक एनएएस (नेटवर्कवरची साठवणीची पेटी), कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर आणि बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये शिरण्यासाठी वायरगार्ड हे व्हीपीएन चालतं. हा बदल जरूर करावा. पण केवळ पोर्ट फॉरवर्डिंगसाठी, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी घरातल्या ठराविक उपकरणाकडे वळवण्यासाठी, करणार असाल तर आधी तुमचा आयपी बघा, नाहीतर सगळी खटपट वाया जाते.

राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) आणि ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या वेबसाइटवरचा आयपी एकच हवा. वॅन आयपी १०० ने सुरू होत असेल आणि त्याचा दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या दरम्यान असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे, म्हणजे ऑपरेटरच्या सामायिक पत्त्यामागे आहात. हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून आलेलं पॅकेट ऑपरेटरच्या यंत्रावरच थांबतं आणि तुमच्या नियमापर्यंत पोहोचतच नाही. काही लोकल ऑपरेटर यासाठी १० ने सुरू होणारे पत्तेही देतात. ब्रिज मोड केला की सीजीनॅट जातं, हा समज साफ चुकीचा आहे. त्यासाठी पैसे भरून स्टॅटिक (कायमचा स्वतःचा) आयपी घ्यावा लागतो किंवा आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, वापरावं लागतं. आयपीव्ही६ मध्ये फॉरवर्डिंग नसतं, राउटरच्या फायरवॉलमध्ये त्या उपकरणापुरती वाट मोकळी करावी लागते.

वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर गोष्ट वेगळी. बहुतेक वेळा ओएनटी अजून राउटरचंच काम करतोय आणि नॅट (पत्त्यांची अदलाबदल) दोनदा होतंय. ब्रिज करायची परवानगी मिळत नसेल, तर ओएनटीच्या डीएमझेडमध्ये (बाहेरून येणारं सगळं एकाच पत्त्याकडे पाठवणारी सोय) आपल्या राउटरचा वॅन पत्ता टाका; पोर्टपुरतं काम भागतं. मात्र दोन्ही डब्यांचं लॅन (घरातल्या बाजूचं नेटवर्क) १९२.१६८.१ वर ठेवू नका. आपल्या राउटरला १९२.१६८.५०.१ द्या.

आता ब्रिजकडे. ओएनटीच्या वॅन पानावर एकापेक्षा जास्त जोडण्या दिसतात. काही ओएनटींवर इंटरनेटच्या जोडणीच्या नावातच ‘आर’ आणि शेवटी व्हीलॅनचा (एकाच तारेवरची वाहतूक वेगळी ठेवणाऱ्या टॅगचा) आकडा असतो. ‘आर’ म्हणजे रूट. ब्रिज केल्यावर तिथे ‘बी’ येतो. बदल फक्त याच जोडणीत करायचा. टीआर०६९ (ऑपरेटर ज्यातून डबा दुरून सांभाळतो) आणि व्हॉइसच्या जोडण्यांना हात लावला की लँडलाइन बंद पडते आणि ऑपरेटरला तुमचा ओएनटी दिसेनासा होतो. काही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा, व्हीलॅनचा आकडा वहीत लिहा. पीपीपीओईचा (युजरनेम-पासवर्डने नेट जोडण्याच्या पद्धतीचा) पासवर्ड तिथे ठिपक्यांत झाकलेला असतो, तो ऑपरेटरकडून आधीच घ्या. मग जोडणी ब्रिजवर टाकून ती लॅन १ या पोर्टला बाइंड करा (बांधून टाका), ओएनटीचं वायफाय बंद करा आणि लॅन १ मधून केबल आपल्या राउटरच्या वॅनमध्ये द्या.

नेट आलं नाही तर राउटरचा लॉग वाचा, त्यात निम्मं उत्तर असतं. राउटर ‘पाडी’ (जोडणीसाठीची हाक) पाठवत राहतो आणि समोरून ‘पाडो’ (तिला ओ) येतच नसेल, तर चूक व्हीलॅनमध्ये किंवा बाइंडिंगमध्ये आहे. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे टॅग दोन्हीकडे लावणं. ओएनटी टॅग लावत असेल तर राउटरमध्ये व्हीलॅन रिकामा ठेवायचा. उलट ‘पाडो’ येतोय पण ऑथेंटिकेशन नाकारलं जातंय, तर युजरनेम-पासवर्ड तपासा. तेही बरोबर असतील तर जुनं सेशन ऑपरेटरकडे अडकलेलं असतं किंवा खातं जुन्या मॅक पत्त्याला (उपकरणाच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकाला) बांधलेलं असतं. सेशनसाठी दोन्ही डबे दहा मिनिटं बंद ठेवा. मॅकसाठी ऑपरेटरला फोन करा किंवा राउटरवर जुना मॅक क्लोन करा. लाइट जाऊन आल्यावर हाच अडकलेल्या सेशनचा त्रास वारंवार होतो, म्हणून दोघांनाही एकाच छोट्या डीसी यूपीएसवर घेतलेलं चांगलं. घेताना दोन्ही अडॅप्टरवरचे व्होल्ट जुळवा आणि अँपिअरची बेरीज करा.

काही साइट झटकन उघडतात आणि काही नुसत्या फिरत बसतात, असं झालं तर एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) १४९२ आहे का ते बघा. पीपीपीओईची ८ बाइट्स १५०० मधूनच जातात.

फॉरवर्डिंगचा नियम लिहायला दोन मिनिटं लागतात, पण तो टिकायला हवा. उपकरणाचा आयपी डीएचसीपीमध्ये (राउटरच्या पत्ते वाटणाऱ्या सोयीत) राखून ठेवला नाही तर कधीतरी पत्ता बदलतो आणि नियम भलत्याच उपकरणाकडे बोट दाखवत राहतो. वायरगार्डसाठी प्रोटोकॉल यूडीपी निवडा, पोर्ट ५१८२०. पोर्ट तपासणाऱ्या बहुतेक वेबसाइट फक्त टीसीपी हा दुसरा प्रोटोकॉल बघतात, त्यामुळे उत्तम चाललेलं वायरगार्डही त्यांना ‘बंद’ दिसतं. ऐकणारा प्रोग्रॅमच चालू नसेल तरीही ‘बंद’ असंच येतं. तपासणी मोबाइल डेटावरून करा. घरच्याच वायफायवरून स्वतःचा सार्वजनिक पत्ता उघडायचा तर राउटरला नॅट लूपबॅक यावं लागतं, आणि ते नसलं की चांगला नियमही चुकीचा वाटतो. ८० आणि ४४३ हे पोर्ट बरेच ऑपरेटर आतल्या दिशेने अडवतात, म्हणून पहिली चाचणी ८४४३ सारख्या पोर्टवर घ्या.

तरीही अडलंच तर एनएएसवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्रॅम) लावून त्या पोर्टवर पॅकेट येतंय का ते बघा. काहीच येत नसेल तर अडथळा राउटरवर किंवा त्याच्याही आधी आहे. पॅकेट येतंय पण उत्तर जात नसेल, तर उपकरणाची स्वतःची फायरवॉल किंवा गेटवे (बाहेर जाण्यासाठी भरलेला राउटरचा पत्ता). डीव्हीआरच्या बाबतीत तर हमखास गेटवेच. कॅमेरेवाल्याने बसवताना हाताने १९२.१६८.१.१ भरलेलं असतं. राउटरचं लॅन ५० वर नेताना डीव्हीआरचा आयपी बदलला जातो, गेटवेचा रकाना मात्र तसाच राहतो. घरात चित्र दिसतं, बाहेरून काळा पडदा. तो एक रकाना बदलला की चित्र येतं.

हे जमलं तरी डीव्हीआर थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नका, ही कळकळीची विनंती. २०१६ मध्ये मिराई या मालवेअरने कंपनीचे मूळ पासवर्ड वापरून असेच डीव्हीआर आणि कॅमेरे ताब्यात घेतले होते. बाहेरून उघडं पोर्ट फक्त वायरगार्डचं ठेवा आणि कॅमेरे त्याच्या आतून बघा. राउटरचं यूपीएनपीही बंद करा, नाहीतर डीव्हीआर आपणहून पोर्ट उघडून घेतो.

ब्रिजनंतर ओएनटीचं पान राउटरमागून दिसत नाही. लॅपटॉप ओएनटीच्या लॅन २ ला जोडा, त्याला १९२.१६८.१.१० असा पत्ता हाताने द्या आणि १९२.१६८.१.१ उघडा. ऑप्टिकलच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची पातळी असते. जीपॉन या फायबर पद्धतीला साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएम चालते. आजचा आकडा तारखेसह डब्याच्या पाठीवर चिकटवून ठेवा. पुढे तो ३ डीबीने घसरलेला दिसला तर प्रकाश निम्मा झालेला असतो, आणि तेव्हा राउटरच्या सेटिंगमध्ये न शिरता भिंतीपाशी दुमडलेली फायबर आणि मळलेला कनेक्टर बघायला लाइनमनला बोलवा.