गोव्यात प्रोसेसर तापतोय: टॉवर कूलर घ्यावा की लिक्विड?

गेम सुरू केला की पंखे ओरडायला लागतात आणि प्रोसेसर नव्वदीपार जातो. घरी जुळवलेल्या पीसीत असं झालं की बहुतेक जण थेट २४० किंवा ३६० मिमी रेडिएटरच्या लिक्विड कूलरच्या (पंपाने द्रव फिरवून रेडिएटरच्या जाळीतून उष्णता बाहेर टाकणाऱ्या) किमती बघायला लागतात. गोव्यात राहणाऱ्यांना मी तरी आधी टॉवर कूलरच (धातूच्या पट्ट्यांवर पंख्याची हवा मारणारा) सुचवेन. मात्र खर्चाआधी दुखणं नेमकं कुठे आहे ते बघा.

सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी) चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो या मोजमापाच्या सॉफ्टवेअरमध्ये तापमानावर नजर ठेवा. दोन-तीन सेकंदांत आकडा प्रोसेसरच्या कमाल मर्यादेला भिडला, तर बहुधा कूलर नीट टेकलेला नाही: प्रोसेसर आणि कूलरमधली उष्णतावाहक पेस्ट सुकलेली, एखादा स्क्रू सैल, किंवा तळाची प्लास्टिकची फिल्म काढायचीच राहिलेली. आकडा दहा-पंधरा मिनिटं सावकाश चढत राहिला, तर कॅबिनेटमध्ये गरम हवा कोंडतेय. बाजूचं पॅनल काढल्यावर तापमान चांगलंच उतरलं, तर नवा कूलर नको, पंखे हवेत. इथली दमट हवा धुळीला चिकट करते, त्यामुळे जाळ्या लवकर बुजतात; चवथीच्या साफसफाईत पीसीही उघडावा.

एएमडीच्या रायझेन ७६००एक्स, ७७००एक्स या प्रोसेसरना या तपासणीत थोडं वेगळं धरा. पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जायचं हे त्यांच्या रचनेतच आहे. इंटेलचा १३व्या-१४व्या पिढीचा आय७ किंवा आय९ असेल, तर आधी बायोस (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा. जादा व्होल्टेज आवरणारा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) इंटेलने ऑगस्ट २०२४मध्ये दिला आहे.

आता मुख्य प्रश्न. टॉवर असो वा लिक्विड, खोलीच्या तापमानाखाली दोन्ही जाऊ शकत नाहीत. (म्हणूनच लिक्विड कूलरवर दव साचेल ही भीतीही बाळगू नये.) इंटरनेटवरच्या चाचण्या बहुधा विशीतल्या तापमानाच्या खोल्यांत होतात. मे महिन्यात एसीविना आपली खोली ३२-३३ अंशांवर असते, म्हणजे त्या आकड्यांत दहाएक अंश मिळवूनच तुलना करा. महागडा कूलर हा फरक पुसत नाही.

टॉवरमध्ये बिघडण्यासारखा एकच हलता भाग, पंखा. १२० मिमीचा पंखा सहज मिळतो आणि घरीच बदलता येतो. लिक्विडमध्ये पंप गेला की सहसा अख्खा कूलरच बदलावा लागतो, आणि तो वॉरंटीत पाठवला तर परत येईपर्यंत पीसी बंद. शिवाय नळ्यांमधून द्रव वर्षानुवर्षं थोडा थोडा कमी होतच असतो. दोन टॉवरवाला, सहा हीटपाइपचा (उष्णता वर नेणाऱ्या नळ्यांचा) थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई गेमिंगच्या बहुतेक प्रोसेसरना पुरतो. फक्त त्याची उंची १५५ मिमी आहे. कॅबिनेटमध्ये तेवढी जागा आहे का आणि रॅम आड येते का, हे मोजूनच घ्या.

पैसे न खर्च करता मिळणारा आराम मात्र बायोसमध्येच आहे. ७७००एक्स १०५ वॉटचा म्हणून विकला जातो, पण १४२ वॉटपर्यंत ओढतो. ६५ वॉटचा इको मोड (वीज कमी ओढायला लावणारी सेटिंग) लावला की मर्यादा ८८ वॉटवर येते. बहुतेक गेम सगळे कोर पूर्ण वापरत नाहीत, त्यामुळे दर सेकंदाच्या फ्रेम फारशा घटत नाहीत. मला हा उपाय सगळ्यांत आवडतो, कारण कूलर कितीही भारी असला तरी प्रोसेसरची सगळी उष्णता शेवटी आपल्याच खोलीत येते. इको मोडमध्ये ती मुळातच कमी निर्माण होते.

मग लिक्विड कुणी घ्यावा? ज्यांच्याकडे २५३ वॉटपर्यंत जाणारा आय९-१४९००के आहे आणि गेमिंगबरोबर तासन् तास रेंडरिंगही चालतं, त्यांनी. तेव्हा ३६० मिमीचाच घ्या आणि रेडिएटर कॅबिनेटच्या छताला लावा, म्हणजे आतली हवा पंपात न अडकता वर रेडिएटरमध्ये जमते.