केस इंटरव्ह्यूचं गणित आणि माझे २२,९९९ रुपये

आधी रक्कम सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल. २२,९९९ रुपये. दोन हप्त्यांत, माझ्याच हाताने, माझाच यूपीआय पिन टाकून दिलेले.

पुण्यात चार वर्षं आयटीत काढल्यावर मी कन्सल्टिंगमध्ये, म्हणजे कंपन्यांना सल्ला देणाऱ्या फर्ममध्ये, जायचं ठरवलं. तिथल्या केस इंटरव्ह्यूत एखाद्या कंपनीची अडचण समोर ठेवतात आणि आकडेमोड कागदावर, बोलत बोलत करायला लावतात. कॅल्क्युलेटर नाही. मी इंजिनिअर, पण ७२ चे १५ टक्के काढायलाही हात मोबाईलकडे जायचा. त्यामुळे धास्ती होतीच.

त्याच सुमारास 'केस मॅथ्स बूटकॅम्प'ची जाहिरात दिसली. चालवणारे 'सर' मोठ्या फर्ममधले माजी कन्सल्टंट. कुठली फर्म ते गोपनीयतेच्या करारामुळे सांगता येत नाही म्हणे. क्लायंटचं नाव लपवतात हे समजू शकतं, पण आपण कुठे नोकरी केली हे कोण लपवतं? हा प्रश्न मला आज पडतोय, तेव्हा पडला नाही.

फुकट वेबिनारच्या शेवटी वीस प्रश्नांची चाचणी होती. मला ३१ टक्के. पाच मिनिटांत व्हॉट्सॲपवर मेसेज: "मॅम, तुमचं लॉजिक स्ट्राँग आहे, पण मॅथ्स रेड झोनमध्ये आहे. फक्त ७ सीट्स राहिल्यात." ४,९९९ भरले. पैसे संस्थेच्या नव्हे, कुणा एका माणसाच्या खात्यात गेले. बाबा बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी एवढंच विचारलं, "पावती कुठंय?" मी म्हटलं, "बाबा, आता सगळं ऑनलाइन असतं." पुढचे दोन महिने त्या जाहिरातीत सीट्स सातच राहिल्या होत्या.

शिकवलं काय? ९७ गुणिले ९६ चुटकीसरशी. पाचने संपणाऱ्या संख्यांचे वर्ग. बघताना जादू वाटते, आणि आपण हुशार झालो असंही वाटतं. मग 'ॲडव्हान्स्ड'चे १८,०००: यंदाच्या इंटरव्ह्यूंत विचारलेले 'खरे प्रश्न', वर रेफरल, म्हणजे फर्ममधल्या कुणाकडून शिफारस. ते भरल्यावरच्या पहिल्याच चाचणीत मला ८८ टक्के पडले. मी पेढे आणले!

'खरे प्रश्न' म्हणजे परदेशातल्या बी-स्कूलच्या विद्यार्थ्यांच्या क्लबांनी बनवलेली, नेटवर फुकट मिळणारी केसबुकं, म्हणजे सरावाच्या केसेसची पुस्तकं होती. वरची नावं पुसलेली, एका पानावरचं तेवढं राहून गेलेलं. उत्तरंही धड नव्हती. नफ्याचं प्रमाण २० टक्क्यांवरून २५ वर गेलं, तर 'वाढ ५ टक्के' असं छापलेलं. ही वाढ पाच टक्केबिंदूंची. टक्क्यांत मोजली तर २५, कारण ५ हा २० चा पाव भाग. या धंद्यात एक दिवस जरी काढलेला माणूस ही चूक करणार नाही. ग्रुपवर मी ते विचारलं. मेसेज उडवला गेला.

इंटरव्ह्यूत ९७ गुणिले ९६ कुणी विचारलं नाही. प्रश्न होता: कारखान्याचा स्थिर खर्च ३६ मिलियन डॉलर, एका नगामागे खर्च वजा जाता ४५ डॉलर सुटतात, तर ना नफा ना तोटा गाठायला किती नग विकावे लागतील? भागाकार चौथीतला. उत्तर ८ लाख. मी मिलियनचे लाख करताना एक शून्य खाल्लं आणि ठामपणे ८० हजार सांगितलं. समोरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "एकदा तपासून बघता का?" मी तेच पुन्हा सांगितलं. उलट गुणून बघायची सवय कुणी लावलीच नव्हती. ८० हजार गुणिले ४५ म्हणजे ३.६ मिलियन, हे दाराबाहेर पडल्यावर सुचलं.

घरी आल्यावर धाकट्या भावाने नवा ईमेल टाकून तीच फुकट चाचणी दिली. सगळ्या उत्तरांत ११११ भरलं. निकाल: ३१ टक्के, रेड झोन.

पैसे परत मागितले तर ग्रुपमधून काढलं, नंबर ब्लॉक केला. रेफरलचं तर नावच नको. बँकेने हात वर केले, कारण व्यवहार मीच केला होता. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायला मी अडीच महिने लावले. तो नंबर पैसे गेल्या गेल्या फिरवायचा असतो. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. नोकरीची हमी, 'जागा संपत आल्या'ची खोटी घाई, निवड झालेल्यांचे फोटो त्यांच्या लेखी संमतीशिवाय वापरणं, हे सगळं त्यांत मना आहे. माझ्याकडे तिन्हींचे स्क्रीनशॉट आहेत, ते जोडले. तुम्ही असे पैसे भरले असतील तर ग्रुपमधून हाकलायच्या आत चॅट उतरवून घ्या. मला अर्धंच मिळालं.

मॅकिन्झी, बेन, बीसीजी या बड्या कन्सल्टिंग फर्म्सच्या स्वतःच्या वेबसाइटवर सरावाच्या केसेस फुकट आहेत. हे मला २२,९९९ रुपये गेल्यावर कळलं. आता त्या सोडवते, मोठ्याने बोलत, आणि बाबा समोर बसतात. दहा लाख म्हणजे एक मिलियन, शंभर कोटी म्हणजे एक बिलियन, हे कागदाच्या कोपऱ्यात आधी लिहायला लावतात. परवा एका केसमध्ये विक्री २५ टक्क्यांनी वाढवायची होती, मी आकडे मांडत बसले. बाबा म्हणाले, "सव्वापट कर की! आम्हाला सवायकी पाठ होती, तुम्हाला शिकवलीच नाही." पावतीबद्दल मात्र ते अजून एक अक्षर बोललेले नाहीत.